बनुंबिरला ‘नुसती गोष्ट’ म्हणू नका

प्रति,
ऑस्ट्रेलियातले मराठी पालक आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणारे सगळे स्वयंसेवक

सप्रेम नमस्कार,

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात प्राथमिक शाळेत शिकवते. मूळची वाईची. पाचवी-सहावीचा वर्ग माझ्याकडे असतो आणि त्यात दरवर्षी तीन-चार तरी मराठी मुलं असतात. हे सगळं इंग्रजीत लिहून शाळेच्या बातमीपत्रात देता आलं असतं. मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण ज्याबद्दल लिहायचंय, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं आकाशाचं ज्ञान आणि त्याकडे बघायची आपली नजर, ते आपल्या घरांत मराठीतच बोललं जातं, जेवताना किंवा मुलांना क्लासला सोडताना गाडीत.

मागे एका पालकभेटीत एक बाबा माझ्यासमोर बसले होते. अतिशय सज्जन माणूस, मुलाचा अभ्यास रोज स्वतः घेणारा. निघताना मराठीत म्हणाले, “मॅडम, बाकी सगळं उत्तम चाललंय. फक्त एक विचारतो. ग्रहांच्या धड्यात त्या आदिवासींच्या गोष्टी कशाला घालता? तेवढ्या वेळात ग्रहांची अंतरं, कक्षा असं काहीतरी खरं शिकवा. नॅपलानला तरी हे कुठे येतं?” मुलगा शेजारीच उभा होता. आदल्याच आठवड्यात त्याने फळ्यावर आकाशातला रस्ता काढून, त्यावरून ग्रह कसे पुढे जातात आणि कसे मागे येतात ते अख्ख्या वर्गाला समजावलं होतं. आता तो बुटांकडे बघत होता. पुढच्या विज्ञानाच्या तासाला त्याने हात वर केला नाही, त्याच्या पुढच्या तासालाही नाही.

त्या बाबांना मी तेव्हा धड उत्तर देऊ शकले नाही. मागे रांग होती आणि प्रत्येकाला दहाच मिनिटं. तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर या पत्रात देतेय.

आधी अभ्यासक्रमाचं सांगते. नॅपलानमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाभर शाळांत होणाऱ्या चाचणीत, वाचन, लेखन, भाषा आणि गणित असतं. विज्ञान मुळात नसतंच, त्यामुळे ग्रहांची अंतरंही तिथे येत नाहीत. राष्ट्रीय अभ्यासक्रमाची नववी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यात सहावीच्या विज्ञानाला पृथ्वी आणि इतर ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात, दिवस लहान-मोठा का होतो, हा भाग आहे. शिवाय तीन सूत्रं सगळ्या विषयांतून जावीत अशी अपेक्षा आहे. पहिलं अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचा इतिहास आणि संस्कृती, दुसरं आशिया आणि ऑस्ट्रेलियाचं नातं, तिसरं पर्यावरण सांभाळून जगणं. दिवाळीत वर्गात रांगोळी काढायला, फराळाचं सांगायला तुम्ही रजा टाकून येता, ते दुसऱ्या सूत्रात बसतं. तेव्हा कोणी पालक उठून “हे खरं शिक्षण नाही” म्हणाले असते, तर आपल्याला काय वाटलं असतं?

आता त्या मुलाने फळ्यावर काढलेल्या रस्त्याकडे येते.

नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीन गावाच्या नैर्ऋत्येला वार्डामन लोकांचा प्रदेश आहे. तिथले ज्येष्ठ बिल यिडुमडुमा हार्नी यांनी आपल्या लोकांचं आकाशाचं ज्ञान अनेक वर्षं मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्यानुसार ग्रह म्हणजे आकाशातल्या एका ठरलेल्या वाटेवरून चालणारे पूर्वज. चंद्र-सूर्याची वाटही तीच. आपली माणसं रस्त्याने जावीत, तसे हे त्या वाटेवरून जातात, मध्येच मागे वळतात, पुन्हा पुढे निघतात.

हे जरा थांबून वाचा. तारे एकमेकांच्या संदर्भात जागा बदलत नाहीत, पण काही ठिपके बदलतात. ते आकाशभर कुठेही भरकटत नाहीत, एका अरुंद पट्ट्यातच राहतात. त्या पट्ट्यात ते बहुतेक वेळ एका दिशेने सरकतात आणि मधूनच काही आठवडे उलट दिशेने जातात. पहिली दोन निरीक्षणं थोडी चिकाटी असलेला कोणीही करेल. तिसऱ्यासाठी एकाच ठिपक्याकडे महिनोन्‌महिने बघत राहावं लागतं आणि तो परवा कुठे होता ते लक्षात ठेवावं लागतं. मंगळ साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा असा मागे वळतो आणि सत्तरएक दिवस उलटा चालतो. जो समाज हे नातवंडांना सांगतो, त्यातल्या कोणीतरी आधी ते पाहिलेलं असतं, आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांनी पुन्हा पुन्हा पडताळलेलं असतं.

या उलट्या चालीसाठी शाळेच्या इंग्रजी पुस्तकात एक लांबलचक शब्द आहे, तो मुलांच्या तोंडात बसत नाही. आपल्या मराठी मुलांना त्याची गरजच पडू नये. आपल्याकडे वक्री हा शब्द आहे. शनी वक्री झाला, मंगळ वक्री आहे, हे आपण लहानपणापासून ऐकलं. ऐकलं ते बहुधा पत्रिकेच्या, लग्नाच्या, काळजीच्या संदर्भात, त्यामुळे हा शब्द मुळात डोळ्यांनी दिसणाऱ्या एका गोष्टीचं नाव आहे हे विसरून गेलो. मीही विसरले होते. मंगळ खरोखर मागे जातो का, हे कधी बाहेर जाऊन बघावं असं शाळेत असताना माझ्या मनात आलं नाही, आणि कुणी बघायला सांगितलंही नाही. माझ्या ओळखीच्या एका शब्दाचा अर्थ मला वार्डामन लोकांच्या वाटेमुळे कळला.

वर्गात कारण समजावताना मात्र मी मुंबईची लोकल वापरते, कारण आईबाबांनी ती मुलांना सांगितलेली असतेच. आपली फास्ट गाडी शेजारच्या स्लो गाडीला मागे टाकत असते तेव्हा स्लो गाडी उलटी चालल्यासारखी वाटते. पृथ्वी ही आतल्या रुळावरची फास्ट गाडी, मंगळ बाहेरच्या रुळावरची स्लो. मुलांना आधी वाट सांगते, मग लोकल. आधी काय दिसतं ते, मग का दिसतं ते. नुसती लोकल सांगितली तर मुलं ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. वाट सांगितली की त्यातली दोघं-तिघं तरी घरी जाऊन अंगणात उभी राहतात.

दुसरं उदाहरण उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधलं, योल्ङू लोकांचं. पहाटेच्या शुक्राला ते बनुंबिर म्हणतात. पूर्वेला समुद्रापार बराल्कु नावाचं बेट आहे, मृतांच्या आत्म्यांचं. त्यांचे आदिपूर्वज, जंग्गावुल भावंडं, तिथून नावेतून किनाऱ्यावर आली तेव्हा पुढे राहून वाट दाखवली ती बनुंबिरने. बराल्कुवरचे आत्मे तिला एका लांब दोरीने धरून ठेवतात. पहाटेआधी दोरी सैल सोडतात, उजाडलं की ओढून घेतात. योल्ङू लोकांच्या पहाटताऱ्याच्या विधीत एक सजवलेला खांब असतो, त्याच्या टोकाला पिसांचा झुबका म्हणजे बनुंबिर, आणि पिसं गुंफलेली दोरी म्हणजे ती दोरी. विधी संध्याकाळी सुरू होतो, रात्रभर चालतो आणि तारा उगवतो त्या वेळी तो ऐन भरात असतो. गेलेल्या माणसांशी त्या वेळी बोलणं होतं.

दोरीचं ऐकल्यावर वर्गात हमखास कोणीतरी विचारतं, “दोरी कशाला?” मी मुलांना हात लांब करून वीत धरायला सांगते. लांब धरलेल्या हाताची वीत आकाशात साधारण २० अंश भरते. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधीही जात नाही, म्हणजे जेमतेम अडीच विती. मध्यरात्री डोक्यावर शुक्र कोणीही, कधीही पाहिलेला नाही. दोरी तेवढीच लांब आहे. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे, म्हणून हे असं होतं, हे मुलांना त्यानंतर दोन मिनिटांत समजतं, कारण कशाचं कारण शोधायचं हे त्यांनी आधीच विचारलेलं असतं.

आणि विधी ठरवायचा तर शुक्र पहाटे केव्हा दिसणार हे आधी माहीत हवं. तो काही महिने संध्याकाळी पश्चिमेला असतो, मग दिसेनासा होतो, मग काही महिने पहाटे पूर्वेला येतो. हे चक्र ५८४ दिवसांचं आहे. वर्षाच्या ऋतूंशी त्याचा मेळ बसत नाही, त्यामुळे अमुक फूल फुललं की शुक्र उगवेल असं चालत नाही, त्याचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो. आपल्या पंचांगात ‘शुक्राचा अस्त’ छापलेला असतो आणि त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात, हे ज्यांच्या घरात लग्नं ठरली त्यांना सांगायला नको. एका समाजाने शुक्र दिसत नाही म्हणून मंगलकार्य थांबवलं, दुसऱ्याने तो दिसेल तेव्हाच आपल्या पितरांना हाक मारली. दोघांनाही तो केव्हा दिसेनासा होतो आणि केव्हा परत येतो ते ठाऊक असणं भाग होतं. स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेल्या घरात बनुंबिरला ‘नुसती गोष्ट’ म्हटलं जावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सगळं दूर उत्तरेचं झालं. आपण राहतो त्या व्हिक्टोरियातलंही सांगते. मेलबर्नपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर वायव्येला टिरेल नावाचं मिठाचं सरोवर आहे. पाणी साचलं की त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून आपली कितीतरी कुटुंबं तिथे फोटो काढायला जातात. तो प्रदेश बूरोंग लोकांचा. विल्यम स्टॅनब्रिज नावाच्या एका वसाहतवाल्याला १८५० च्या दशकात तिथल्या दोघा बूरोंग माणसांनी उघड्या माळावर, छोट्या शेकोटीपाशी, आपलं आकाश दाखवलं. त्याने ते टिपून १८५७ मध्ये मेलबर्नच्या विद्वानांच्या सभेपुढे मांडलं. आकाशाबद्दल आपल्याला इतर सर्वांपेक्षा जास्त कळतं याचा बूरोंग लोकांना अभिमान आहे, असंही त्याने नोंदवलं आहे. त्या यादीत गुरू हा गिनाबोंगबेर्प, प्राचीन आत्म्यांचा प्रमुख. शुक्र ही चार्जी ग्नोवी, सूर्याची बहीण आणि गुरूची बायको. आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन ग्रह नवरा-बायको, आणि त्यातली बायको सतत सूर्याच्या आसपास राहणारी, म्हणून त्याची बहीण. मला हे नातं फार आवडतं. आपल्याकडे तर शुक्राचार्य पुरुष आणि शुक्राची चांदणी बाई, दोन्ही एकाच घरात नांदतात आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

त्याच यादीत एक तारा कावळ्याची बायको म्हणून आहे. स्टॅनब्रिजने तो लाल, मोठा असा लिहिला. आज त्या जागी साध्या डोळ्यांना मंदच दिसणारा ईटा कॅरिनी हा तारा आहे. १८४० च्या दशकात त्याचा मोठा उद्रेक झाला आणि काही काळ तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांमध्ये मोडत होता. बूरोंग लोकांनी तो पाहिला आणि आपल्या जुन्या आकाशात त्याला जागा करून दिली. जुनं तेवढं घोकणारी माणसं असं करत नाहीत. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ताऱ्यांची जी अधिकृत नावं ठरवली, त्यांत तीन वार्डामन नावं आहेत आणि चौथं, उनुरगुनाइट, या बूरोंग लोकांचं आहे.

न्यू साउथ वेल्सच्या युअलाई लोकांमध्ये शुक्र हा ‘हसणारा तारा’, एक म्हातारा. कधीतरी काहीतरी अचकट बोलला आणि तेव्हापासून स्वतःच हसतोय. क्षितिजाजवळ शुक्र लुकलुकतो, रंग बदलतो, ते त्याचं हसणं. हवेच्या जाड थरातून प्रकाश आला की असं होतं, हे शिकवायला याहून सोपी सुरुवात मला सापडलेली नाही.

आता तुमच्या मनात जो खरा प्रश्न आहे त्याकडे येते. हे विज्ञान आहे का?

मी वर्गात दावे वाढवून सांगत नाही. बूरोंग किंवा वार्डामन लोकांना लंबवर्तुळाकार कक्षा ठाऊक होत्या असं मी म्हणणार नाही. ज्यांचं आहे त्यांनीही तसं म्हटलेलं नाही. “आमच्याकडे सगळं आधीच होतं” हा सूर आपल्याला आपल्या बाबतीत चांगला परिचयाचा आहे, आणि त्याने आर्यभटाचंसुद्धा नुकसानच होतं, कारण त्याने प्रत्यक्षात काय केलं ते कोणी वाचत नाही. या ज्ञानात बारकाईने केलेलं, पडताळलेलं, लक्षात राहील अशा रीतीने बांधलेलं निरीक्षण आहे. शिवाय नाती आहेत, विधी आहेत, कसं वागावं हे आहे. सगळं एकाच दोरीत गुंफलेलं. मुलांनी निरीक्षण कुठलं ते ओळखायला शिकावं आणि उरलेलं फेकून देऊ नये, एवढंच माझं मागणं. सहावीच्या मुलाला हे जमतं. आपल्यालाही जमायला हवं.

‘आदिवासी’ या शब्दाशी आपलं काहीतरी अडलेलं आहे, हेही बोलून टाकते. तो शब्द उच्चारताना आपला आवाज बदलतो, आणि ती सवय आपण तिकडूनच घेऊन आलोय. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि त्यांच्याबरोबर काम करणारे गणेश हलकारे यांनी गोंड लोकांच्या आकाशज्ञानावर २०१३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोंडांच्या आकाशात सप्तर्षी म्हणजे एका म्हातारीची खाट, आणि मागचे तीन तारे ती खाट पळवायला टपलेले चोर. वाईला शाळेत मला सात ऋषींची नावं पाठ होती, पण त्याच राज्यात राहणाऱ्या लोकांची ही खाट मला मेलबर्नला आल्यावर कळली.

आता माझी चूक. शिक्षिका म्हणून दुसऱ्याच वर्षी मी इंटरनेटवरून एक तयार तक्ता उतरवून घेतला. मथळा होता, ‘ऑस्ट्रेलियाचे आदिवासी असं मानत असत’. त्याबरोबर हस्तकला. मुलांकडून काठ्या, लोकर आणि रंगीत पिसं वापरून पहाटताऱ्याचे खांब करून घेतले आणि व्हरांड्यात ओळीने लावले. छान दिसत होते. काही दिवसांनी शाळेत कुरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, मुलांच्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या एक बाई आल्या. खांबांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला हळूच विचारलं, “हे कुणाचं आहे, ठाऊक आहे?” मी म्हटलं, “ऑस्ट्रेलियाचं.” त्यांनी न रागावता सांगितलं की हे योल्ङू लोकांचं आहे. त्यांच्यातही तो खांब करायचा अधिकार ठरावीक कुळांनाच असतो, तो गेलेल्या माणसांसाठी असतो, आणि तो करणारी माणसं आज हयात आहेत. आम्ही योल्ङू नाही, त्यांच्यावतीने मी तुला परवानगी देऊ शकत नाही, असंही त्या म्हणाल्या.

मला पितृपक्षातलं पान आठवलं. आजोबांसाठी वाढलेलं पान कुठल्या तरी शाळेतल्या मुलांनी पुठ्ठ्याचं करून, वर चमकी लावून भिंतीवर टांगलं असतं, तर आईला काय वाटलं असतं? त्याच संध्याकाळी मी ते खांब काढले. मुलांना दुसऱ्या दिवशी कारण सांगितलं, आणि मुलांना ते माझ्यापेक्षा लवकर पटलं.

तेव्हापासून काही गोष्टी मी पाळते, आणि मराठी शाळांनीही पाळाव्यात अशी विनंती आहे. नुसतं ‘अ‍ॅबोरिजिनल लोक’ म्हणू नका, कोणते लोक ते नावानिशी सांगा. युरोपीय लोक आले तेव्हा या खंडावर २५० हून अधिक भाषा होत्या. योल्ङू आणि बूरोंग यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढ्यात आपल्याकडे कितीतरी राज्यं ओलांडून होतील. ‘मानत असत’ म्हणू नका, ‘सांगतात’ म्हणा. जे त्या लोकांनी स्वतः सर्वांसाठी मोकळं केलं आहे तेवढंच वापरा, कारण काही ज्ञान ठरावीक माणसांसाठीच असतं आणि ते न विचारणं ही सभ्यता आहे. विधीच्या वस्तूंची हस्तकला करू नका, मुलांच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके रंगवू नका. कुणाला बोलायला बोलावलंत तर त्यांना मानधन द्या. आपल्याकडे आलेल्या कीर्तनकारांनाही आपण बिदागी देतोच.

एक गोष्ट मात्र मराठी शाळाच करू शकतात, मी माझ्या वर्गात करू शकत नाही. मुलांना आकाशाचे मराठी शब्द द्या. ग्रह, तारा, चांदणी, उदय, अस्त, वक्री, मघा. मंगळवारपासून शनिवारपर्यंत रोज ते एकेका ग्रहाचं नाव घेतात, हे त्यांना सांगा. आमच्या वर्गातल्या एका मुलीला हे कळलं तेव्हा तिने घरी जाऊन आजीला व्हिडिओ कॉल लावला.

आणि आजीशी बोलायला ग्रहांइतकी चांगली गोष्ट नाही. मेलबर्नहून ध्रुवतारा कधीच दिसत नाही. सप्तर्षींची ती खाट क्षितिजाखालीच राहते. माझी आई इथे आली तेव्हा रात्री अंगणात उभी राहून म्हणाली, “अगं, माझं आकाशच नाही इथे.” मग मी तिला उत्तरेला तोंड करून उभं केलं आणि गुरू दाखवला. वाईला ती त्याला डावीकडून उजवीकडे जाताना बघायची, इथे तो उजवीकडून डावीकडे जातो, चंद्रही उलटा दिसतो. पण ग्रह तेच आणि वाटही तीच. कॅथरीन विषुववृत्ताच्या साडेचौदा अंश दक्षिणेला, वाई अठरा अंश उत्तरेला. दोन्हीकडून ती वाट जवळपास डोक्यावरून जाते. यिडुमडुमा हार्नींनी लहानपणी जी वाट पाहिली, तीच माझ्या आईने गच्चीत झोपताना पाहिली असणार.

हे सगळं वाचून राहू नये म्हणून एक वेळापत्रक देते. २४ ऑक्टोबर २०२६ ला शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जाईल. त्याआधी काही महिने तो संध्याकाळी पश्चिमेला आहे, इथून चांगला उंच. मुलांनी आठवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने, तो क्षितिजापासून किती विती वर आहे ते वहीत लिहावं. ऑक्टोबरात तो बुडेल. नोव्हेंबरात पहाटे पूर्वेला पुन्हा दिसेल. दोरी सैल सुटली, असं मुलं आपोआप म्हणतील.

मग मंगळ. २०२७ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मंगळ वक्री आहे. गुरूही डिसेंबर २०२६ पासून एप्रिलपर्यंत वक्री आहे, आणि दोघेही मघाच्या तेजस्वी ताऱ्याच्या आसपास. एकाच वाटेवर दोघे मागे चाललेले, एक लवकर, एक सावकाश. आपलं शाळेचं वर्ष नेमकं तेव्हाच सुरू होतं. एका कागदावर मघा आणि आजूबाजूचे चार तारे काढून घ्या आणि दर शनिवारी मंगळाचा ठिपका द्या. एप्रिलपर्यंत त्या कागदावर ती वाट उमटेल.

त्यातली एक तारीख मी आधीच कॅलेंडरवर गोल केली आहे, १९ फेब्रुवारी २०२७, शुक्रवार. त्या दिवशी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर असेल, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवेल. त्याच दिवशी शिवजयंती. मंडळांचे कार्यक्रम असतीलच. कार्यक्रम संपला की साडेनऊ-दहाच्या सुमाराला मुलांना घेऊन हॉलच्या बाहेर या, दिव्यांपासून थोडं लांब जा आणि ईशान्येला बघा. पौर्णिमेला आलेला चंद्र असेल, त्याच्याजवळ गुरू, आणि खाली उजवीकडे, मघाच्या ताऱ्यापासून दोन-तीन बोटांवर, तांबूस मंगळ. मुलाला सांगू द्या, तुम्ही ऐका. त्या बाबांना आणि त्यांच्या मुलाला मी वेगळं आमंत्रण पाठवलं आहे.

आपली,
मेलबर्नमधली एक प्राथमिक शिक्षिका